ओसरी घरात धरायची की बाहेर?

ओसरीला काच लावली की ती घरात आली, असे घरमालक धरून चालतो. नगरपालिकेचा अभियंता ती बांधकाम क्षेत्रात मोजायची का ते पाहतो, बिल्डर तिचे पैसे लावता येतील का ते पाहतो. इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब मांडणारे सॉफ्टवेअर यातले काहीच पाहत नाही. ते एकच प्रश्न विचारते: ही जागा घराच्या आत धरू, बाहेर धरू, की स्वतःचे तापमान असलेली तिसरी जागा धरू? उत्तर देणारा बहुधा एखादा तरुण आर्किटेक्ट असतो. समोर नकाशा, डोक्यावर मुदत. तो यादीतला एक पर्याय निवडतो आणि पुढच्या खोलीकडे वळतो. घर उन्हाळ्यात किती तापणार, एसी किती टनाचा लागणार आणि नियमांच्या कसोटीला ते उतरणार की नाही, याचा बराचसा निकाल त्या एका निवडीत लागलेला असतो.

काचेने बंद केलेली, पण गरम किंवा थंड करण्याची सोय नसलेली अशी जागा कोणत्या वर्गात घालायची, यावर युरोपात पन्नासएक वर्षे विचार झाला आहे. आपण त्यांच्याकडून शब्द घेतले, सॉफ्टवेअर घेतले आणि बरेचदा त्यांची उत्तरेही तशीच उचलली. माझे म्हणणे असे की आदिलाबादसारख्या जिल्ह्यात ही उसनी उत्तरे नुसती अपुरी नाहीत, उलटी आहेत. तिथे जी जागा घराचे रक्षण करते ती इथे घराला भाजून काढते. म्हणून वर्गीकरणाची कसोटीही इथल्या उन्हावरून आणि इथल्या राहणीवरून ठरली पाहिजे.

आदिलाबादच का, तर हा जिल्हा कोणत्याही सोप्या उत्तराला दाद देत नाही. उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ आणि चंद्रपूर, पश्चिमेला नांदेड. १९५६पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग त्याच नावाच्या राज्यात असलेल्या या मुलखात तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी, उर्दू आणि लंबाडी एकाच बाजारात ऐकू येतात. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. डिसेंबर-जानेवारीत मात्र तेलंगणातली सर्वांत थंड ठिकाणे याच पट्ट्यात असतात. भीमपूर मंडळातले पैनगंगेकाठचे अर्ली (टी) हे गाव थंडीच्या बातम्यांत दरवर्षी झळकते, आणि लाट आली की पहाटेचे तापमान ५ अंशांच्या आसपास घसरते. हैदराबाद आणि नागपूर ही दोन्ही शहरे आपल्या ऊर्जा संहितेने 'मिश्र' हवामानात टाकली आहेत, आणि आदिलाबाद त्या दोहोंच्या मधोमध, राष्ट्रीय महामार्ग ४४वर आहे. उन्हाळा कडक, पावसाळा दमट, हिवाळ्याच्या पहाटा बोचऱ्या. अशा ठिकाणी ओसरी ही चैन नव्हती, हवामानाशी केलेली तडजोड होती.

ती तडजोड किती नेमकी होती ते मोजून पाहता येते. आदिलाबाद शहर साधारण १९.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेच्या क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या ओसरीच्या पागोळ्या जमिनीपासून २.१ मीटरवर असतील, तर त्या दिवशी ऊन आत जवळजवळ २ मीटरपर्यंत येते. म्हणजे ओसरीवर टाकलेल्या बाजेवरच्या म्हाताऱ्या माणसाच्या पायांपर्यंत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला कललेला असतो, आणि दक्षिणेच्या ओसरीत माध्यान्हीचे थेट ऊन शिरतच नाही. हवे तेव्हा ऊन आणि नको तेव्हा सावली, हे काम एक पैशाची वीज न जाळता नुसते छपराच्या उतारावर होत होते. वर्धा इथून फार लांब नाही. तिथे १९३६पासून उभ्या राहिलेल्या सेवाग्राम आश्रमातल्या माती, बांबू आणि कौलांच्या कुट्या पाहा. मीराबेनच्या देखरेखीखाली बांधलेल्या त्या घरांना व्हरांडा आहे, आणि तो उघडा आहे.

उघड्या ओसरीचा वर्ग कधी एक नव्हताच. कार्तिकात तिच्यावर वेचलेला कापूस पडतो, पौषात ऊन खात बसायचे, चैत्रापासून रात्रीच्या बाजा, पावसाळ्यात बियाणे आणि औजारे. पाहुणा तिच्यावर बसतो, त्याअर्थी ती घर. कुत्राही तिच्यावर झोपतो, त्याअर्थी ती अंगण. तोवर कुणाला तिचे वर्गीकरण करायची गरज पडली नव्हती. गरज पडली ती ॲल्युमिनियमची स्लायडिंग आली तेव्हा.

आता युरोपाकडे जरा पाहू, कारण उसनी उत्तरे तिथूनच आली. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५मध्ये उठला, १८५१मध्ये जोसेफ पॅक्स्टनचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, आणि काचेची खोली श्रीमंतांच्या बागेतून हळूहळू मध्यमवर्गीयाच्या परसात पोचली. थंड देशात अशी खोली घराला लागून असली की दोन फायदे. घराची भिंत थेट गारठ्याला न भिडता मधल्या हवेला भिडते, आणि ऊन पडले तर ती मधली हवा गरम होते. हिशेबासाठी त्यांनी एक साधे गुणोत्तर काढले. घर आणि बाहेरची हवा यांच्यातल्या तापमानाच्या फरकापैकी किती हिस्सा घराच्या भिंतीच्या वाट्याला येतो, एवढेच ते सांगते. मधली जागा बाहेरइतकीच थंड असेल तर १, घराइतकीच उबदार असेल तर ०. आयएसओच्या मानकांत हेच गुणोत्तर 'बी' म्हणून आहे. एक उदाहरण घेऊ. घरातून मधल्या खोलीत दर अंशामागे ४० वॅट जातात आणि त्या खोलीतून बाहेर १२० वॅट जातात असे धरले, तर 'बी' येते १२० भागिले १६०, म्हणजे ०.७५. घराचे नुकसान पाव हिश्श्याने वाचले. नियम सुटसुटीत, तक्ता तयार.

हाच तक्ता आदिलाबादच्या मे महिन्यात आणा. घरात २८ अंश, बाहेर ४२, आणि पश्चिमेची काचबंद ओसरी ५२ अंशांवर. घराच्या भिंतीला आता १४ अंशांचा नव्हे तर २४ अंशांचा फरक झेलायचा आहे. २४ भागिले १४, म्हणजे १.७. जे गुणोत्तर ० आणि १ यांच्यामध्ये राहील असे गृहीत धरून अख्खा तक्ता बनवला, ते एकाच्या वर उडी मारते. काचबंद ओसरी इथे घर आणि बाहेर यांच्यामधली जागा उरतच नाही. ती बाहेरपेक्षाही बाहेर असते. मूळ मानकात उन्हाची उष्णता वेगळी मोजून मिळवायला सांगितली आहे, त्यामुळे मानक चुकीचे म्हणता येणार नाही. पण कामाच्या घाईत माणूस मानक वाचत नाही, तक्त्यातला एक आकडा उचलतो. आणि त्या आकड्यात, काही न सांगता, हिवाळा भरलेला असतो.

५२ हा आकडा मी भीती घालायला घेतला असे कुणाला वाटेल. म्हणून ऊन मोजू. मे महिन्यात सूर्याच्या घड्याळाने दुपारी चार वाजता सूर्य पश्चिमेला साधारण ३४ अंशांवर असतो, आणि उभ्या पश्चिम भिंतीच्या दर चौरस मीटरवर ढोबळमानाने ६०० वॅट पडतात. ओसरीला ६ चौरस मीटर साधी काच असेल आणि ती ८० टक्के ऊन आत सोडत असेल, तर आत येणारी उष्णता २,९०० वॅटच्या घरात जाते. फरशी आणि भिंती त्यातली बरीच शोषून घेतात, थोडी काचेतून परत जाते. तरीही बाहेरपेक्षा दहा अंश वर जाणे अवघड नाही. शिवाय शोषून घेतलेली उष्णता संपत नाही. ती रात्री आठनंतर घराच्या भिंतीतून आत उतरते, नेमकी माणसे जेवून झोपायच्या तयारीत असताना.

छतही काचेचे केले तर विचारायलाच नको. मेच्या दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ९०० वॅट धरले, तर १० चौरस मीटर काचेच्या छतातून ७ किलोवॅटहून जास्त उष्णता उतरते. दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता ओढतो. म्हणजे एसी पूर्ण दमाने चालला तरी तो छताशीच हरतो, घराची गोष्ट पुढेच. लंडनच्या पावसाळी आभाळाखाली जे छत सुख देते, तेच छत इथे आणताना आपण फक्त चित्र आणले, आभाळ तिकडेच राहिले.

यावर कुणी म्हणेल, काचघर आपल्या देशातही यशस्वी झाले आहे. झाले आहे, लडाखमध्ये. लेहजवळच्या फे गावात सेकमोल या संस्थेच्या शाळेच्या इमारतींना दक्षिणेकडून काच आणि प्लास्टिकची आवरणे लावून कडाक्याच्या हिवाळ्यात वर्ग उबदार ठेवले जातात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे १९७०च्या दशकात मातीच्या जाड भिंतीला काचघर जोडून बांधलेले घर जगभर गाजले. पण लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि सांता फे २,१०० मीटरवर. दोन्हीकडे हवा कोरडी, ऊन लख्ख आणि थंडी दिवसभराची. आदिलाबाद समुद्रसपाटीपासून ३०० मीटरही उंच नाही. इथली थंडी पहाटेची आहे. जानेवारीत सकाळी शेकोटीपाशी बसलेला माणूस दुपारी २८ अंशांत सदऱ्याची बटणे सैल करतो. काचघर ऊब देते ती अकरा ते चार या वेळात. इथे ऊब हवी असते पहाटे पाच ते आठ. साध्या एकेरी काचेत रात्रभर ऊब टिकत नाही. त्यामुळे थंडीच्या नावाने काचेचे समर्थन करणाऱ्याचे वेळापत्रकच चुकते. आठ आठवड्यांच्या पहाटांसाठी चौदा आठवड्यांच्या दुपारी गहाण टाकण्याचा हा व्यवहार आहे.

आता मूळ प्रश्न. सॉफ्टवेअरच्या तीन पर्यायांपैकी कोणता?

पहिला पर्याय: बाहेर धरा. म्हणजे घराचे कवच आतल्या मूळ भिंतीपाशी संपले, ओसरीचे छत म्हणजे खिडकीवरचा मोठा छज्जा. उघड्या ओसरीला हे उत्तर चोख बसते. पण काच लावल्यावरही हेच उत्तर दिले तर मोठी पळवाट तयार होते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने १४ डिसेंबर २०१८ रोजी आणलेल्या इको-निवास संहितेत घराच्या भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेसाठी आरईटीव्ही नावाचा एक आकडा आहे आणि त्याची मर्यादा दर चौरस मीटरला १५ वॅट आहे. मिश्र हवामानासाठी त्या सूत्रात काचेतून तापमानाच्या फरकाने येणाऱ्या उष्णतेला १.८५ने गुणतात आणि काचेतून थेट येणाऱ्या उन्हाला ६८.९९ने. साध्या एकेरी काचेचे आकडे घालून पाहा. पहिला भाग येतो सुमारे ११, दुसरा ५५. आपल्या हवामानात काचेचा खरा गुन्हा कोणता, ते सूत्र लिहिणाऱ्यांना नेमके ठाऊक होते. पण काचबंद ओसरी 'बाहेर' धरली की तिची काच या सूत्रात शिरतच नाही, उलट छज्ज्याची सावली मिळाल्याची सवलत पदरात पडते. कागदावर घर थंड, प्रत्यक्षात तापलेले.

दुसरा पर्याय: आत धरा. बाहेरची काच हेच घराचे कवच. ओसरी आणि बैठक यांच्यामधली भिंत पाडून टाकली असेल तर हेच खरे. ब्रिटनमध्ये घरांच्या ऊर्जा-मूल्यांकनाची पद्धत नेमका हा भेद करते. घर आणि काचघर यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाची भिंत आणि दार असेल, काचघर गरम केलेले नसेल, तर ते हिशेबातून वगळायचे. नसेल तर घराचाच भाग म्हणून मोजायचे. ३० चौरस मीटरपेक्षा लहान, जमिनीलगतच्या आणि अशा रीतीने वेगळ्या ठेवलेल्या काचघरांना तिथल्या ऊर्जा-नियमांतूनही सूट आहे. नियम तर्कशुद्ध आहे. अडचण माणसांची आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या तदेउश ओरेश्चिन यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले, की लोक आपली काचघरे बहुतेक वेळा हिवाळ्यात गरम करूनच वापरतात. ऊर्जा वाचवणारी म्हणून सूट मिळालेली खोलीच ऊर्जा खाऊ लागली. नियमाने दार पाहिले, दार उघडणारा हात पाहिला नाही.

आपल्याकडे हा हात हीटरकडे जात नाही, कूलरकडे जातो. आणि इथेच उसन्या वर्गीकरणाची सर्वांत मोठी फसगत होते. आदिलाबादच्या उन्हाळ्यात घराघरांत चालतो तो एसी नव्हे, कूलर. कोरड्या दिवशी तो ४२ अंशांची हवा पाण्यातून ओढून दहा-बारा अंशांनी सहज खाली आणतो. पण त्याला दोन गोष्टी हव्यात: मागून ताजी बाहेरची हवा, आणि समोर खोलीतली ओलसर हवा बाहेर जायला वाट. कूलर खिडकीत बसवलेला असतो आणि ती खिडकी अनेक घरांत ओसरीकडेच उघडते. ओसरी काचेने बंद केली की कूलर ४२ऐवजी ५० अंशांची हवा ओढू लागतो, आणि बाहेर जायची वाटही बंद होते. खोली थंड होत नाही, चिकट होते. मग माणूस म्हणतो, कूलर पुरत नाही, एसी घेऊ. हिशेब करणारे मात्र बहुधा 'एसी आहे का' एवढेच विचारतात. नाही म्हटले की ओसरीही 'अवातानुकूलित' आणि खोलीही 'अवातानुकूलित'; दोघींमध्ये फरकच उरला नाही. एसी घरात आला कसा, याची नोंद कुठेही होत नाही.

तिसरा पर्याय: ओसरीला स्वतःचा वेगळा झोन द्या. तिचे तापमान सॉफ्टवेअरलाच तासातासाने काढू द्या. काचबंद ओसरीसाठी हेच उत्तर मला खरे वाटते, पण तेही आंधळेपणाने दिले तर फसवते. अमेरिकन ऊर्जा खात्याचे एनर्जीप्लस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या नेहमीच्या मांडणीत बाहेरच्या काचेतून आलेले थेट ऊन सगळे त्या झोनच्या फरशीवर पडले असे धरले जाते. ते आतल्या खिडकीतून पुढे बैठकीत पोचते हे पाहायचे असेल, तर उन्हाच्या वाटपाची दुसरी, सविस्तर पद्धत निवडावी लागते. ती न निवडल्यास बैठकीत पडणारे ऊन हिशेबातून गळते. फसण्याची दुसरी जागा आतल्या दाराची. ते दिवसभर बंद धरले की ओसरीची गरम हवा कागदावर आत येत नाही. आपल्या घरांत ओसरीचे दार सकाळी उघडते ते रात्री झोपतानाच लागते, हे त्या संगणकाला कुणी सांगायचे?

आणि हातानेच हिशेब करणारा वेगळी चूक करतो: तो तेच ऊन दोनदा धरतो, एकदा ओसरीच्या काचेवर आणि पुन्हा बैठकीच्या खिडकीवर. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्याला याची राजकीय आवृत्ती चांगली ठाऊक आहे. आज कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेल्या केरामेरी मंडळाच्या हद्दीवर १४ गावे अशी आहेत, की महाराष्ट्र ती चंद्रपूरच्या जिवती तालुक्यात मोजतो आणि तेलंगण आपल्यात. तिथल्या लोकांनी दोन्हीकडे मते दिली आहेत, दोन्हीकडची रेशनकार्डे बाळगली आहेत. दोन हिशेबांत असणे ही गावकऱ्यांना काही वेळा सोय असते. उष्णतेच्या हिशेबात तीच गोष्ट निव्वळ चूक असते.

तरीही काही आक्षेप उरतात. पहिला खरा आहे. ओसरीचे वर्गीकरण आधीच दोन कायदे दोन तऱ्हांनी करतात, त्यात तिसरे कशाला? २०१६च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या करताना बाल्कनी आणि व्हरांडा स्पष्टपणे वगळला, म्हणजे विक्रीच्या हिशेबात ओसरी घराबाहेर. मुंबईत जानेवारी २०१२च्या बदलाने बाल्कनी एफएसआयमध्ये मोजायला सुरुवात झाली, म्हणजे बांधकामाच्या हिशेबात ती आत. पण हे दोन्ही कायदे पैशाचे आणि जागेचे प्रश्न सोडवायला केले आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तरी बिघडत नाही, कारण प्रश्नच वेगळे आहेत. बिघडते ते ऊर्जेचा हिशेब करणारा त्यातले एखादे उत्तर आपले म्हणून चिकटवतो तेव्हा. 'रेरात वगळली आहे म्हणून मीही वगळली' हे वाक्य आकर्षक आहे, पण सूर्य रेरा वाचत नाही.

दुसरा आक्षेप: आदिलाबादमधल्या सामान्य घराला यातले काहीच लागू नाही. २०१८ची इको-निवास संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या निवासी इमारतींसाठी आहे. व्यापारी इमारतींची २०१७ची संहिता १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीपासून पुढे. गल्लीतले दोन खोल्यांचे घर यात कुठेच येत नाही. मान्य. पण नियम मोठ्या इमारतींसाठी असले तरी सवयी खाली झिरपतात. अपार्टमेंटमध्ये जे मान्य होते त्याची नक्कल घराच्या ओसरीवर होते. शिवाय हिशेब कायद्यासाठीच करायचा असतो हे कुणी ठरवले? विजेचे बिल ५०० चौरस मीटरची अट पाहून येत नाही.

तिसरा आक्षेप घरच्या माणसांचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ओसरी उघडी ठेवली तर धूळ येते, डास येतात, माकडे येतात, चोरी होते. या भागात माकडांचा उपद्रव कुणी थट्टेवारी नेणार नाही. पण या चार तक्रारींपैकी तीन जाळी आणि ग्रिलने सुटतात. काच फक्त धुळीसाठी लागते, तीही अर्धवट. जाळीतून वारा जातो. वाळ्याच्या ताट्या, बांबूच्या चिका, बाहेरच्या बाजूने सोडलेले पडदे ऊन काचेपर्यंत पोचायच्या आधीच अडवतात; आतून लावलेला पडदा ते आत आल्यावर झाकतो, आणि तोवर उष्णता घरात आलेली असते.

मग नियम काय असावा? तरुण आर्किटेक्टला आणि नगरपालिकेच्या टेबलावर बसलेल्या अभियंत्याला तीन ओळींत बसेल असा नियम लागतो, तो मी असा मांडतो.

ओसरीच्या बाहेरच्या बाजूचा निम्म्याहून अधिक भाग कायमचा उघडा असेल, मग त्याला जाळी, ग्रिल किंवा चिक असो, तर ती बाहेर धरा आणि तिच्या सावलीचे श्रेय घराला द्या.

काचेने बंद केली, पण आतली मूळ भिंत आणि दार जागच्या जागी आहेत, तर तिला वेगळा झोन द्या. त्यात दार दिवसा उघडे धरा आणि उन्हाळ्याचे महिने आधी मोजा. सॉफ्टवेअर हाताशी नसेल तर दोन्ही हिशेब करा, एकदा आत धरून आणि एकदा बाहेर धरून, आणि त्यातला वाईट आकडा घ्या. दोन्हीतला चांगला आकडा निवडण्याची मोकळीक ठेवली तर प्रत्येक जण तोच निवडेल.

आतले दार काढले, भिंत फोडली, किंवा कूलर-एसीची हवा तिकडे सोडली, तर वाद संपला: ती घरात आली. तिची काच हेच घराचे कवच, आणि त्या काचेला खिडकीचे सगळे नियम लागू.

'निम्मा' ही सीमा मी निवडली आहे, ती आकाशातून पडलेली नाही. कुणी एक तृतीयांश म्हटले तरी भांडण नाही. मुद्दा एवढाच की कसोटी यंत्राची नको, ऊन आणि वाऱ्याची हवी. 'गरम करता का, थंड करता का' हा प्रश्न ज्या देशात हीटर हाच घरातला मुख्य खर्च आहे तिथे शहाणपणाचा आहे. आदिलाबादेत पहिला प्रश्न 'ऊन किती येते' आणि दुसरा 'वारा किती जातो' हाच असला पाहिजे. यंत्राचा प्रश्न तिसरा, कारण बरेचदा यंत्र हे पहिल्या दोन चुकांचेच फळ असते.

असा नियम केल्याने कुणाचे फार नुकसान नाही. दक्षिणेकडची ओसरी काचबंद केली तर तोटा कमी, पश्चिमेची केली तर भारी, काचेचे छत घातले तर सर्वांत भारी. हे हिशेबाने सिद्ध होते आणि नियमात लिहिता येते. तेलंगण शासनाने आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्राने आपापल्या संहितेत काचबंद ओसरी आणि बाल्कनी यांचे वेगळे, स्पष्ट कलम घालावे. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर आणि आदिलाबाद यांच्यावर ऊन राज्याची हद्द पाहून पडत नाही, तेव्हा कलम सारखेच असले तर उत्तम. ते येईपर्यंत आर्किटेक्टने एवढे करावे: स्लायडिंगचा खर्च सांगताना घरमालकाला मे महिन्यातल्या दुपारी चारचे तापमानही सांगावे. आणि घरमालकाने एवढे: स्लायडिंगवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी तो आकडा मागावा. आकडा देता येत नसेल, तर ओसरी आहे तशी उघडी राहू द्यावी. ती तिचे काम अजून करते आहे.